लाल दोराची गाठ

आमची पोस्ट उत्तर काश्मीरमध्ये एका धारेवर होती. त्याहून जास्त सांगायची सवय आम्हाला लावलेली नाही, त्यामुळे एवढ्यावर भागवून घ्या. बर्फ पडून वाट बंद झाली की उन्हाळा लागेपर्यंत खालून वर कोणी येत नसे. खालच्या पोस्टशी संबंध राहावा म्हणून दर दोन-तीन दिवसांनी लिंक पेट्रोल निघायचं. आम्ही उतरायचो, ते चढायचे, मधल्या नाल्यापाशी गाठभेट व्हायची. डाक आणि औषधं घेऊन आम्ही परत यायचो. पहाटे निघायचं आणि ऊन उताराला लागायच्या आत परतायचं, हा नियम. ऊन लागलं की बर्फ सुटतो.

मी तेव्हा नाईक होतो. नाव शमुवेल, गाव हिंगणघाट. पलटण मिश्र होती. पंजाबी, गढवाली, तमिळ, सगळे होते. मराठी मात्र त्या पोस्टवर दोघेच. दुसरा लान्स नाईक गजानन, देवळीजवळच्या एका खेड्यातला, भाजीपाला पिकवणाऱ्या घरचा. एकाच जिल्ह्याची माणसं म्हणून पोस्ट कमांडर नायब सुभेदार बलदेव साहेबांनी आमची बडी जोडी केली. बडी म्हणजे झोपायला शेजारी, पेट्रोलवर मागे-पुढे, आणि एकाचं सामान तपासायची जबाबदारी दुसऱ्यावर.

तपासण्यात सगळ्यांत महत्त्वाचा लाल दोर. प्रत्येकाच्या कमरेला तो बांधलेला असतो आणि बाकीचा लांबलचक मागे बर्फावर घसटत येतो. हिमस्खलन झालं तर माणूस खाली गाडला जातो, पण दोर हलका, तो बहुतेक वेळा वर राहतो. लाल रंग दिसला की शोधणारे दोर धरून माणसापर्यंत पोचतात. म्हणून कमरेची गाठ नीट पाहिजे. आणि गजाननची गाठ कधीच नीट नसायची. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी त्याला गाठीपायी मैदानाभोवती कितीदा पळवलं होतं. हात कष्टाचे, पण गाठीच्या बाबतीत अगदीच अडाणी. रोज त्याची गाठ मी सोडून पुन्हा बांधायचो आणि तो वर तोंड करून उभा राहायचा.

पोस्टवर मला सगळे पाद्री म्हणत. पलटणीतल्या एकुलत्या एका ख्रिस्ती माणसाला दुसरं काय नाव पडणार? रविवारच्या मंदिर परेडला मी हजर असायचो, बलदेव साहेबांच्या अरदासीला, म्हणजे शिखांच्या प्रार्थनेला, डोकं झाकून उभा राहायचो, आणि माझी प्रार्थना एकट्यानं उरकायचो. पहिल्या हिवाळ्यातल्या पहिल्या पेट्रोलला मी निघण्याआधी डोळे मिटून उभा होतो. कोणीतरी हसलं. बलदेव साहेब म्हणाले, "रुको. पाद्री को बोल लेने दो. ज़ोर से बोल."

मी मोठ्यानं मराठीत प्रार्थना केली. आम्ही नाला ओलांडला आणि थोड्याच वेळात मागची वाट बर्फानं पुसून टाकली. त्या दिवसापासून माझ्या प्रार्थनेशिवाय पेट्रोल हलेना. पुढे त्यात एक सवय मिसळली. मी "आमेन" म्हटलं की प्रत्येक जण आपल्या बडीकडे वळायचा आणि त्याच्या कमरेची गाठ ओढून बघायचा. आधी बलदेव साहेब "चेक" असा हुकूम द्यायचे. हळूहळू तो हुकूम गळून पडला. आमेन हाच हुकूम झाला, आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही.

आता माझ्याबद्दल. माझ्या आईचा देव फार कामाचा होता. दूध उतू जायच्या आत तिला जाग आली की प्रभूची कृपा. एस.टी. सुटता सुटता थांबली की प्रभूची कृपा. गॅस सिलिंडर उपासनेला निघायच्या आधी आला तर ती दारातच हात जोडायची आणि सिलिंडरवाला बिचारा गोंधळून उभा राहायचा. लहानपणी मला याची लाज वाटायची. देवानं करायचं तर काहीतरी मोठं करावं, एस.टी. काय थांबवायची, असं मला वाटे. मग माझे वडील किडनीच्या आजारानं अंथरुणाला खिळले. चर्चच्या सबंध मंडळीनं उपास-प्रार्थना केल्या. मी पोस्टवरून केल्या. वडील गेले तेव्हा दुसरा हिवाळा नुकताच लागून वाट बंद झाली होती, मला मातीलाही पोचता आलं नाही. आईनं फोनवर सांगितलं, "शांतपणे गेले, प्रभूची कृपा." मी फोन ठेवला आणि माझ्या आत काहीतरी बंद पडलं. ज्याला एस.टी. थांबवता येते त्याला हे थांबवता आलं नाही?

पुढच्या पेट्रोलला मी डोळे मिटले आणि शब्दच येईनात. सगळे खाली माना घालून उभे. त्या क्षणी डोक्यात काय आलं तर देवळीचा आठवडी बाजार. मागच्या सुट्टीत मी गजाननच्या आईच्या, म्हणजे मावशीच्या, दुकानाजवळ बसलो होतो. मावशी पोत्यावर भाज्या मांडून एका सुरात नावं घ्यायची; कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. तीच नावं मी चर्चमधल्या पाळकासारख्या आवाजात म्हटली. "वांगे, पालक, सांभार, आंबाडी, चवळी, मेथी. आमेन." गढवाली जवानानं डोळे पुसले. त्याला मराठी कुठे कळत होतं?

एका माणसाला कळत होतं. मी त्याची गाठ बांधत असताना गजाननच्या पोटात हसू मावत नव्हतं. पण तो कोणाला बोलला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मी जवळजवळ सबंध हिवाळा भाजीबाजार म्हणत राहिलो आणि त्याची एकच कटकट असायची. मी घाईत एखादं नाव विसरायचो, बहुतेक वेळा शेवटचं. मग तो गाठ तपासून घेताना कानाशी म्हणायचा, "मेथी राह्यली."

मला हसू यायचं आणि रात्री झोपताना लाजही वाटायची. एकदा त्याला विचारलं, "तुले राग नाई येत? लोकं माह्यावर भरवसा ठेवून राह्यले अन् मी भाज्या म्हणून राह्यलो."

तो म्हणाला, "तू काही बी म्हण. सारे थांबतेत ना? मायले बी मी फोनवर सांगतलं, आमचा पाद्री बोलल्याबिगर आमी पाय टाकत नाई. तिनं तं कबूल केलं, गजू सुखरूप आला का पाद्र्याच्या देवाले भाजीचं टोपलं."

हे ऐकून मला जास्तच लाज वाटली.

हिवाळा सरत आला होता. एका संध्याकाळी रेडिओवर कंपनी कमांडरांनी विचारलं, की त्या उतारावर सगळ्या पोस्टना त्रास झाला, तुमची माणसं अजून सलामत कशी? बलदेव साहेब म्हणाले, "हमारे पाद्री की दुआ है, साहब." ते मस्करी करत नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. ठरवलं, आता पुरे. हे खोटं आपण उद्यापासून बोलायचं नाही.

सकाळी पेट्रोल उभं राहिलं. आभाळ स्वच्छ होतं. आदल्या दिवशी ताजा बर्फ पडला होता, म्हणून बलदेव साहेबांना निघायची घाई होती.

"पाद्री, बोल."

"आज नहीं, साहब."

"तबीयत?"

"ठीक है. आज से नहीं बोलूँगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उताराकडे. "तेरी मर्ज़ी. चलने की तैयारी."

गजानन जवळ आला. "काऊन बे?"

"मले काही वाटत नाई रे. खोटं कितीक दिवस बोलू?"

"नको वाटू दे. भाजी तं म्हण."

"नाई म्हणतलं ना."

माझा दोर तसाच हातात होता, मी बांधलाच नव्हता. त्यानं तो ओढून घेतला, माझ्या कमरेला गुंडाळला आणि गाठ मारली. "तुह्यं देवाशी भांडण असन तं असू दे. दोरानं काय केलं?" पुढून "चलो" आलं. तो आपल्या जागेवर गेला, माझ्या पुढे. आमेन झालं नव्हतं. कोणी बडीकडे वळलं नाही. मीही नाही. त्याची गाठ माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण मी माझ्या खरेपणावर खूश होतो.

नाल्याच्या अलीकडे वरून धप्प असा आवाज आला. कोणीतरी ओरडलं, "स्लाइड!" पायाखालची जमीन निघून गेली. मग सगळं घट्ट झालं. हात छातीशी अडकलेले, तोंडात बर्फ, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. प्रार्थना करायची एकच वेळ असेल तर ती हीच होती. मी प्रयत्न केला. येशूचं नाव घ्यायलाही डोकं चालेना. त्या काळोखात मी वांगे, पालक, सांभार एवढं म्हटलं आणि पुढचं आठवेना.

कमरेला हिसका बसला. एकदा, मग पुन्हा. गाठ कमरेत रुतली. थोड्या वेळानं फावड्याचा आवाज आला, आणि उजेड.

मला बाहेर काढलं तेव्हा रेडिओवर बलदेव साहेब बोलत होते. "एक मिल गया, ज़िंदा. एक नीचे है. रस्सी दिख रही है. ओव्हर." मी गुडघ्यांवर बसून पाहत होतो. गजाननचा लाल दोर माझ्यापासून थोड्याच अंतरावर बर्फावर पडला होता. गढवाली जवानानं तो धरला आणि जोर लावून ओढला. जोर लावायची गरजच नव्हती. दोर सरळ हातात आला. टोकाला सुटलेली गाठ होती.

गजानन आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशी झाली. नैसर्गिक आपत्ती असा निष्कर्ष निघाला. आमेनचा हुकूम कोणत्याच नियमात नव्हता, त्यामुळे त्याबद्दल कोणी विचारलं नाही. बलदेव साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग दोघांनी आपापल्या जबाबाखाली सही केली.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. चर्चमध्ये आईनं उभं राहून साक्ष दिली, की प्रभूनं माझ्या लेकराला बर्फाच्या कबरेतून जिवंत काढलं. लोक रडले. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. मी काय बोलणार? आईनं म्हटलं तेच म्हटलं. त्यानंतर दर वर्षी चर्चच्या हंगामाच्या सणाला ती साक्ष माझ्याकडे लागून राहिली. हवालदार होऊन निवृत्त झालो, हिंगणघाटला बॅटरीचं दुकान टाकलं, आई गेली, तरी साक्ष चालूच. नवीन पोरांना ती पाठ आहे. मी एखादं वाक्य चुकलो तर त्यांना कळतं. देवानं मला काढलं असेल, तर मग त्यानं शेजारच्याला का सोडलं? हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. मी मात्र दर वर्षी साक्ष संपवून खाली उतरताना तो सोबत घेऊन उतरतो.

आणि मावशी. हंगामाच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं, घरातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतात. भोपळे, अंडी, तुरीच्या शेंगा, कोणी कोंबडीही आणतं. उपासनेनंतर मंडपात त्याचा लिलाव होतो. गजानन गेला त्याच वर्षी मावशी देवळीहून एस.टी.नं टोपलं घेऊन आली. मी घाबरलो. म्हटलं, "मावशी, तो तर सुखरूप आला नाही. तुमचं कबूल केलेलं उरलं कुठे?"

ती म्हणाली, "तुह्या देवानं आपलं केलं नाई. मले माह्यं करा लागते."

दर वर्षी ती येते. टोपलं ठेवते, शेवटच्या बाकावर बसते, डोक्यावर पदर घेऊन माझी साक्ष ऐकते. लिलावात ते टोपलं मीच सोडवतो. घरी त्या वांग्यांची भाजी होते आणि माझ्याच्यानं ती खाववत नाही.

या वर्षी चर्चच्या दाराशी मी तिच्या हातून टोपलं घ्यायला गेलो, तर तिनं ते सोडलं नाही. पायरीवरच बसली. म्हणाली, "गुडघे आता चालत नाई. पुढच्या साली येनं होते का नाई कोन जाने. एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी निंगाच्या आधी तू तुह्या देवाले काय म्हणलं होतं? गजूनं आयकलेली शेवटची प्रार्थना ते. मले सांग. मी बी म्हणत जाईन."

आत पेटीवर गाणं सुरू झालं होतं. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. भाज्यांची नावं, तिच्याच दुकानातली. मेथी राह्यली. आणि त्या दिवशी मी तेवढंही म्हटलं नाही हे. आमेन झालं नाही, म्हणून मी त्याची गाठ बघितली नाही. तो पुढे उभा होता, हात पुढे केला असता तर पोचला असता. मी तिच्याकडे बघून बोलू शकलो नाही. तिच्या टोपल्याकडे बघून बोललो.

तिनं टोपल्यातली वांगी सारखी केली. मला वाटलं, उठून जाईल. तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

"तुह्या कमरेची कोनं बांधली म्हणतलं?"

"गजाननानं."

"गजूनं?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्याले गाठ कुठी येत होती? लहानपनापासून त्यानं वासरू बांधलं का सुटलंच समज. साऱ्या गावात पोरं वासरू धुंडत फिरे. माह्या जन्मात मी त्याची एक गाठ टिकलेली पाह्यली नाई."

"हो."

"मंग तुह्यी कशी नाई सुटली?"

इतकी वर्षं मी देवाला विचारत होतो की त्याची गाठ का सुटली. माझी का सुटली नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती ओढली गेली, बर्फात ताणली गेली, चार माणसांनी हिसके दिले, आणि ती धरून राहिली. आई असती तर म्हणाली असती, प्रभूची कृपा. मला ते दोन शब्द तेव्हाही म्हणता आले नाहीत. पण आईच्या एस.टी.ला हसायचं बळ माझ्यात उरलं नाही, एवढं खरं.

"चाल आतमंदी," मावशी म्हणाली. "बोलवून राह्यले तुले."

पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं होतं. मी पुढे जाऊन उभा राहिलो. पाठ झालेली साक्ष ओठांवर आली आणि मी ती गिळली. म्हटलं, "मला बर्फातून बाहेर काढलं ती गाठ लान्स नाईक गजानन यांनी बांधली होती. ते देवळी तालुक्यातले. ते परत आले नाहीत, कारण त्यांची गाठ तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. देवानं त्या दिवशी काय केलं ते मला कळलेलं नाही. मला फक्त त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे. ते जिवंत असताना करायचो तीच."

मी डोळे मिटले.

"वांगे, पालक, सांभार, आंबाडी, चवळी."

पुढचं नाव आठवेना. पहिल्या बाकावरची पोरं चुळबुळली असणार. मग शेवटच्या बाकावरून मावशीचा आवाज आला, बाजारातला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मेथी राह्यली."

मी मेथी म्हटलं. मग आमेन म्हटलं, आणि सवयीनं माझा हात पुढे गेला, पुढच्या माणसाची गाठ बघायला.